कशावरून? वर्गात नीट बघायला शिकवण्याची एक रीत

सहावीच्या वर्गात विचारून बघा, "कावळा कुठल्या रंगाचा?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडेल, "काळा!" मग पाठकोरे कागद वाटा आणि आठवणीने कावळा काढून रंगवायला सांगा. चाळीसचा पट असेल तर चाळीस डांबरी कावळे जमा होतील. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, खिचडीची ताटं धुतात तिथे कावळे उतरले की मुलांना पाच मिनिटं गप्प उभं करा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कुणीतरी कुजबुजतंच, "बाई, ह्याची मान काळी नाहीये."

नसतेच. आपल्या रोजच्या गावकावळ्याची मान आणि छाती राखाडी असते. कपाळ, गळा, पंख, शेपूट काळी. नखशिखांत काळा असतो तो डोमकावळा, अंगाने मोठा आणि चोचीने जाड. कळायला लागल्यापासून दिसणारा पक्षी मुलांनी कधी पाहिलेलाच नसतो, कारण 'कावळा काळा' हे वाक्य त्यांच्याकडे आधीच तयार असतं. मीसुद्धा आठ वर्षं शिकवल्यावर एकदा तो नीट पाहिला, हे कबूल करते.

चिकित्सक विचार आणि सर्जनशीलता हे शब्द २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहेत, आमच्या प्रशिक्षणांच्या पीपीटीत तर असतातच. सोमवारी तिसऱ्या तासाला वर्गात उभं राहून नेमकं करायचं काय, ते मात्र तिथे सापडत नाही. मला जमलेली रीत खाली मांडते. पस्तीस मिनिटांचा तास, खडू-फळा, पाठकोरे कागद आणि एक प्रश्न, एवढ्यावर ती चालते.

वस्तू कोणती घ्यावी

हातात घेता येईल किंवा अगदी जवळून बघता येईल अशी. चिंचेची डहाळी, एस.टी.चं तिकीट, मुंग्यांची रांग, घरातला जुना फोटो, नारळाची करवंटी, दहाची नोट. दोन-तीन मुलांत एक मिळेल इतकी संख्या हवी. टेबलावर एकच वस्तू ठेवली की पुढचे दोन बाक बघतात आणि बाकीचे एकमेकांना चिमटे काढतात. पाठ्यपुस्तकातलं चित्र शक्यतो नको. त्याच्याखाली उत्तर छापलेलं असतं आणि मुलं चित्राआधी ते वाचतात. भारी, चमकदार, 'व्वा' म्हणायला लावणाऱ्या वस्तूही नकोत. 'व्वा' म्हणून झालं की बघणं संपतं.

पाला-पाचोळा आणायला सांगितलात तर आधी बजावून ठेवा: रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, आणि धोतरा व गुंजा विषारी, त्या वर्गात येताच कामा नयेत.

आदल्या रात्री ती वस्तू घेऊन स्वतः दहा मिनिटं बसा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मग तासाला फजिती होते. तुम्हालाच त्यात तीन-चार नव्या गोष्टी दिसल्या नाहीत तर ती वस्तू बदला.

पहिली तीन मिनिटं: कुणी बोलायचं नाही, बाईंनीसुद्धा

घड्याळ लावा. पहिल्या मिनिटाअखेर मुलं म्हणतील, "झालं बाई." तुम्ही मान हलवून 'अजून बघा' एवढंच सुचवा. दुसरं मिनिट चुळबुळीचं असतं. तिसऱ्या मिनिटात नजर परत वस्तूवर येते, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एकोणिसाव्या शतकात हार्वर्डमध्ये लुई अगासी नावाचे प्राध्यापक होते. सॅम्युअल स्कडर हा नवा विद्यार्थी आला, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर औषधात जपलेला एक मासा ठेवला, बघायला सांगितलं आणि निघून गेले. परत आले की काय दिसलं ते विचारायचे आणि पुन्हा बघायला लावायचे. हे काही दिवस चाललं. आपल्याकडे एक मासा तीन दिवस वर्गात ठेवला तर चौथ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लागेल, तेव्हा तीन मिनिटं पुरेत.

मग चित्र. पेन्सिलने, रंगाविना. 'हा चित्रकलेचा तास नाही, सुंदर नको, खरं हवं' हे दर वेळी सांगावं लागतं. नाहीतर चांगलं चित्र काढणारी चार मुलं मिरवतात आणि बाकीची कागद झाकतात. चित्राचा उपयोग असा की हाताला रेघ कुठून सुरू करायची ते ठरवावं लागतं, आणि तिथे डोळ्यांचा आळस उघडा पडतो. मुंगीचं उदाहरण घ्या. पाय किती, हे कुणीतरी पुस्तकातून सहा सांगतं. पण ते निघतात कुठून? आठवणीने काढलेल्या चित्रांत डोक्यापासून पोटापर्यंत पाय वाटून दिलेले असतात. पारदर्शक डबीत मुंगी ठेवून बघितली की कळतं, सहाच्या सहा पाय मधल्या भागातून निघतात. हा शोध लागला की मुलं आपलं जुनं चित्र खोडायला रबर मागतात. खोडू देऊ नका. शेजारी नवं काढायचं. जुनं आपल्याला पुढे लागणार आहे.

फळ्यावर एक उभी रेघ

डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. मुलं सांगतील ते तुम्ही लिहायचं, पण कुठल्या बाजूला लिहायचं ते वर्गाने ठरवायचं. ऐकायला सोपं आहे. दहाच्या नोटेचा तास घेतला तेव्हा पहिलंच वाक्य आलं, "नोट जुनी आहे." अर्धा वर्ग म्हणाला दिसलं, अर्धा म्हणाला वाटलं. जुनेपण दिसतं का? घडी पडलेली दिसते, कडा मऊ झालेली हाताला लागते, कोपरा फाटलेला दिसतो. त्यावरून ती जुनी वाटते. मग एकीने मागच्या बाजूला छापलेलं वर्ष शोधलं आणि सगळ्यांनी आपापल्या नोटेवरचं वर्ष वाचलं. एका गटाची चुरगळलेली नोट दुसऱ्या गटाच्या कोऱ्या करकरीत नोटेपेक्षा नंतर छापलेली निघाली. म्हणजे जुनी कुठली? आधी छापलेली की जास्त वापरलेली? 'जुनी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मराठीच्या तासाला मी शिकवून झालं नसतं इतक्या चटकन त्यांना पटलं.

कशावरून

चित्रं बघायला शिकवण्याची एक पद्धत अमेरिकेत चांगली रुजली आहे. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन यांनी ती बसवली. शिक्षकाने तीनच प्रश्न विचारायचे: या चित्रात काय चाललंय, असं म्हणावंसं वाटायला तुम्हाला त्यात काय दिसलं, आणि आणखी काय सापडतंय. मधल्या लांबलचक प्रश्नाला मराठीत एकच शब्द पुरतो. कशावरून?

अडचण अशी, की आपल्या घरांत हा शब्द दटावणीचा आहे. "कशावरून म्हणतोस रे?" म्हणजे 'खोटं बोलतोस'. वर्गातही मूल चुकलं की आपण 'कशावरून' विचारतो आणि बरोबर आलं की 'शाब्बास' म्हणून पुढे जातो. दोन दिवसांत मुलांना मेख कळते: कशावरून विचारलं की उत्तर बदलायचं. म्हणून नियम एकच, पण कडक पाळायचा. बरोबर उत्तरालाही त्याच आवाजात 'कशावरून' विचारायचं. पहिले दोन आठवडे हुशार मुलं गोंधळतात, काही रडवेलीही होतात. त्यांना शाब्बासकीची सवय असते. होऊ द्या.

शाब्बासकीचं तर मी वर्षभर पथ्य पाळलं. एखाद्याला 'शाब्बास' म्हटलं की बाकीचे हात खाली जातात, कारण उत्तर मिळालं असा त्याचा अर्थ होतो. त्याऐवजी मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं: "तुझं म्हणणं, कडा मऊ आहे म्हणून नोट जुनी. आणखी कुणाला काय दिसतंय?" जे मूल बोलत नाही त्याला "बोट ठेवून दाखव" म्हणावं. बोट ठेवणंही 'कशावरून'चं उत्तरच आहे.

नोटेवरची भांडणं

हा तास सविस्तर सांगते, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गाजलेला तोच. किराणा दुकानातून चॉकलेटी रंगाच्या, मागे कोणार्कचं सूर्यमंदिर असलेल्या पंधरा-वीस नोटा आणा. गेंडा, हत्ती, वाघ असलेली एखादी आधीच्या मालिकेतली नोट मिळाली तर तुलनेला सोन्याहून पिवळं. नोटांच्या झेरॉक्स काढू नका, त्यात कायद्याची भानगड आहे. खऱ्या नोटा मोजून द्या आणि मोजून घ्या.

मागच्या बाजूला एका पट्टीत वेगवेगळ्या भाषांत 'दहा रुपये' लिहिलेलं आहे. ओळी मोजा: पंधरा. आपली कुठली? आठवी, बरोब्बर मधली. पण देवनागरी लिपीत चार ओळी आहेत: कोंकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत. "दहा रुपये" आणि "धा रुपया" शेजारीशेजारी वाचताना मुलं खिदळतात. कुणाला तिसरी ओळ ओळखीची वाटते: "बाई, हे मराठीसारखंच आहे पण डोक्यावरची रेघच नाही." ती गुजराती. पहिल्या दोन ओळी जवळपास सारख्या दिसतात, असमिया आणि बंगाली. दोन ओळी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या, काश्मिरी आणि उर्दू. अनोळखी लिप्यांची नावं तुम्ही सांगा. ती बघून कळणारी गोष्ट नाही आणि तिथे अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

आता खरा प्रश्न: ओळी याच क्रमाने का? इथे गप्प बसणं शिक्षकाला फार जड जातं. आमच्या वर्गात पहिला अंदाज आला, जास्त लोक बोलतात ती भाषा वर. कशावरून? कशावरूनच नाही, फक्त वाटलं. मग कुणीतरी विचारलं, असमिया बोलणारे सगळ्यांत जास्त आहेत का? अंदाज पडला. दुसरा अंदाज मला फार आवडला: मराठी मधोमध आहे, कारण महाराष्ट्र मध्ये आहे; म्हणजे नकाशाप्रमाणे. भिंतीवरचा नकाशा उतरवला. कन्नड चौथी, काश्मिरी पाचवी. कर्नाटक आणि काश्मीर शेजारी? तोही पडला. तिसरा, बाराखडीप्रमाणे. असमियातला अ आधी, ठीक. पण मग गुजरातीच्या आधी बंगाली कशी? ग तर ब च्या आधी येतो. वर्ग अडला. तास संपला. मी काही सांगितलं नाही, आणि त्या रात्री मला चैन पडेना, सांगून टाकावं असं दहादा वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच दोन मुलं दारात उभी. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी भाषांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहून काढली होती. ए, बी, जी, मग के, के, के... इंग्रजी वर्णमाला. पंधराही ओळी तपासून बघितल्या, सगळ्या बसल्या. लगेच पुढचा प्रश्न आला, जो मी ठरवलेलाच नव्हता: "आपल्या नोटेवर इंग्रजीचा क्रम का? आणि हिंदी ह्या पट्टीत का नाही?" नोट उलटली, हिंदी पुढच्या बाजूला सापडली. पहिल्या प्रश्नावर वाद अजून मिटलेला नाही.

तीन अंदाज आले, प्रत्येकाला पुरावा लागला, दोन पुराव्याने पाडले, एक अर्धवट बसला म्हणून सोडला. चिकित्सक विचार म्हणतात तो वर्गात असाच दिसतो. उत्तर आदल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं असतं तर मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं असतं.

उरलेले प्रश्न

तासाअखेर पडलेले प्रश्न कागदाच्या चिठ्ठ्यांवर घ्या आणि चार डब्यांत टाकायला लावा: आणखी बघून सुटेल, मोजून किंवा करून सुटेल, कुणाला विचारून किंवा वाचून कळेल, आणि नक्की सांगता येणार नाही. कुठल्या डब्यात टाकायचं यावर वाद झाला की समजा काम झालं. डबे म्हणून तेलाचे रिकामे पाऊच नकोत, चिठ्ठ्या तेलकट होतात.

वर्गाबाहेर: वीरगळ

गावात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड, असेल तर इतिहासाचा एक तास तिथेच घ्या. महाराष्ट्रात देवळाच्या आवारात, पारापाशी, वेशीजवळ हे दगड पडलेले असतात आणि पुष्कळ ठिकाणी गाव त्यांना शेंदूर लावून देव म्हणून पूजतं, तेव्हा आधी गावकऱ्यांना विचारा. दगडाला खडू, तेल, पाणी काही लावू नका. कोरीव काम स्पष्ट दिसायला सकाळी किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं असतं. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. ढगाळ असेल तर मोबाइलची बॅटरी दगडाला समांतर, कडेने धरा. उजेड समोरून टाकायचा नाही.

बहुतेक वीरगळांवर तीन-चार कप्पे असतात. मुलं सवयीने वरून खाली वाचतात आणि गोष्ट जुळवतात: एक माणूस महादेवाची पूजा करत होता, मग बायका आल्या, मग लढाई झाली आणि तो मेला. गोष्ट जुळते, म्हणून तीच खरी वाटते. आता विचारा, खालून वर वाचली तर? सगळ्यात खाली आडवा पडलेला वीर, कधी त्याच्याजवळ गाई. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला नेताहेत. त्यावर तो शिवलिंगापाशी, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. गाईंवर बोट ठेवून एखादं मूल म्हणतं, "गाई चोरायला कुणीतरी आलं असणार." कशावरून? मग पुन्हा दगडाकडे. दोन्ही बाजूंनी वाचून कुठल्या वाचनात जास्त गोष्टी बसतात ते मुलांनाच ठरवू द्या. चंद्र-सूर्य कशासाठी, हे गावातल्या एखाद्या आजोबांना विचारायला पाठवा. ते आहेत तोवर वीराची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. मुंबईतल्या शिक्षकांना बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ जवळ आहेत. त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे.

बघण्यातून घडवणं

सर्जनशीलतेच्या नावाखाली 'मनाला येईल ते काढा' म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी आणि झोपडी येते. पिढ्यान्‌पिढ्या येते आहे. मोकळीक दिली की मुलं पाठ असलेलंच काढतात. बघितलेली गोष्ट आणि एखादी अडचण एकत्र दिली तर मात्र काहीतरी नवं निघतं.

नोटेच्या तासानंतरची अडचण अशी द्या: डोळे मिटून दहा आणि वीसची नोट ओळखा. पट्टीने मोजलं तर रुंदी दोन्हींची ६३ मिलिमीटर, लांबी १२३ आणि १२९. सहा मिलिमीटरचा फरक बोटांना कळतो का? शंभराची नोट मिळाली तर तिच्या कडेच्या उठावदार तिरक्या रेघा चाचपायला द्या. मग काम: ज्यांना दिसत नाही त्यांना हाताने ओळखता येतील अशा, शाळेच्या जत्रेपुरत्या तीन नोटा बनवा, वहीच्या पानाएवढ्या. कुणी कोपरे कापतं, कुणी सुईने टोचून ठिपके करतं, एका गटाने कडेला दोरा चिकटवला होता आणि तो दुसऱ्या दिवशी सुटला. सुटलेला दोरा घेऊन पुन्हा बसले, मग कागदाची घडीच वापरली.

वारली चित्रांचंही तसंच. आधी बघा: माणूस टोकाला टोक लागलेल्या दोन त्रिकोणांचा, डोकं गोल, हातपाय रेघा. तरीही तारपा नाचातला माणूस नाचताना दिसतो, तो कशावरून? त्रिकोण कलले आहेत, पाय वाकले आहेत. हे सापडल्यावरच कबड्डीचा डाव तेवढ्याच आकारांत काढायला सांगा. आधी सांगितलंत तर सगळे पुन्हा तारपाच काढतील.

नोंदी आणि गुण

आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदवहीत 'निरीक्षण चांगले करतो' असं लिहून काही कळत नाही. 'पहिल्या चित्रात मुंगीचे पाय पोटाला, दुसऱ्यात मधल्या भागाला. स्वतःहून दुरुस्त केले' अशी नोंद करा. खोडू न दिलेली चित्रं इथे उपयोगी पडतात. दर महिन्याला प्रत्येक मुलाची एक नोंद पुरते, रोज करायला गेलात तर आठवड्यात कंटाळाल.

प्रश्नपत्रिकेत काय विचारायचं, हा प्रश्न उरतोच. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ मध्ये सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. त्यात मुलं परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत घेऊन बसत, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. आपल्याला एवढी मुभा नाही. पण चाचणीत दहापैकी तीन गुणांना एक अनोळखी पान बाकावर ठेवून 'दिसलं तीन, वाटलं एक, कशावरून एक' विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि तीन मिनिटांच्या शांततेत नेमके शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख दारात उभे राहिले, चाळीस मुलं नुसती नोटांकडे टक लावून बसलेली त्यांना दिसली, तर घाबरू नका. एक नोट त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "सर, मराठी कितव्या ओळीत आहे, आणि का?"